पानापर्यंत पोहोचणारे पाणी : वनस्पती-टाकीतील अभिसरण आणि गाळण

ज्या काचेच्या टाकीत माशांइतक्याच, किंबहुना माशांहूनही अधिक आस्थेने पाण्याखालील वनस्पती वाढवल्या जातात, तिला हौशी मंडळींच्या बोलण्यात ‘प्लांटेड टँक’ म्हणतात. प्रस्तुत ग्रंथात तिच्यासाठी ‘वनस्पती-टाकी’ असा सुटसुटीत शब्द योजला आहे. अशा टाकीत पाणी फिरते कसे आणि गाळले जाते कसे, एवढाच या ग्रंथाचा विषय आहे. विषय लहान वाटेल, परंतु वनस्पती-टाकी उभारणाऱ्यांच्या पदरी जी निराशा येते तिचा उगम पुष्कळदा याच ठिकाणी असतो. महागडा दिवा, सुपीक तळमाती आणि मोजूनमापून दिलेली खते असूनही टाकीच्या एका कोपऱ्यातली झाडे तजेलदार राहतात आणि दुसऱ्या कोपऱ्यातली त्याच जातीची झाडे शेवाळाने माखून जातात, आणि दोष मात्र दिव्याला किंवा खताला दिला जातो. माशांच्या टाकीसाठी घडलेले गाळणीचे शास्त्र वनस्पती-टाकीला जसेच्या तसे लावले गेल्यामुळे हा गोंधळ झाला आहे. माशांच्या टाकीत गाळणीने पाण्यातून काय काढून घेतले हे पाहावे लागते. वनस्पती-टाकीत फिरणारे पाणी पानापर्यंत काय नेऊन पोहोचवते याला त्याहून अधिक महत्त्व आहे, आणि पुढील सर्व विवेचन या भूमिकेवर उभे आहे.

या विषयाचा इतिहास गाळणीविनाच सुरू होतो. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये तेथील केमिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला आणि त्यात बारा गॅलन, म्हणजे सुमारे ५५ लिटर मावेल अशा काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती एकत्र ठेवल्याचा प्रयोग सांगितला. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेईल, वनस्पतीने सोडलेला ऑक्सिजन मासे घेतील आणि पाणी बदलण्याची गरज उरणार नाही, अशी अपेक्षा होती. काही काळ तसे झालेही; पण वॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले, तेव्हा वॉरिंग्टन यांनी पात्रात पाच-सहा पाणगोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पात्राची घडी पुन्हा बसली. या प्रयोगाचे स्मरण सहसा प्राणी आणि वनस्पती यांच्या परस्परपूरकतेसाठी केले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातल्या गोगलगायी अधिक बोलक्या आहेत, कारण मासा आणि वनस्पती या दोघांच्याही हिशेबात न बसणारे मृत सेंद्रिय द्रव्य टाकीत सतत तयार होत राहते आणि त्याची विल्हेवाट लावणारा तिसरा कोणी तरी लागतोच, हे त्यांच्यामुळे उघड झाले.

पाणी हलते ठेवण्याचे महत्त्व पुढच्या दोन दशकांत सार्वजनिक मत्स्यालयांनी ओळखले. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८६४ मध्ये हॅम्बुर्ग येथे आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ज्या मत्स्यालयांची रचना केली, त्यांत प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली त्यांच्याहून कितीतरी मोठा, अंधारा साठा होता आणि त्यातले पाणी पंपाने अखंड वर-खाली फिरत असे. समुद्राचे तेच पाणी, हवेच्या संपर्कात आणि हालचालीत ठेवले तर, दीर्घकाळ वापरता येते हे त्यातून दिसून आले. लॉइड यांच्यापुढचा प्रश्न मुख्यतः प्राण्यांचा होता. वनस्पतींना हलत्या पाण्याची गरज का भासते याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते.

ते उत्तर मिळवण्यासाठी नजर पंपावरून काढून एका पानाच्या पृष्ठभागावर न्यावी लागते. जमिनीवरील झाड पर्णरंध्रांवाटे हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते. पूर्णपणे पाण्याखाली वाढलेल्या पानाला कामाची रंध्रे बहुधा नसतातच, आणि त्याची उपत्वचा, म्हणजे पानावरचे मेणचट आवरण, इतकी पातळ असते की पान सर्वांगाने पाण्यातून वायू आणि क्षार शोषून घेते. हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात, तापमान २५ अंश सेल्सिअस असताना, सुमारे ०.६ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, आणि एक लिटर हवेतही तो साधारण तितकाच, पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास असतो. साठ्याच्या दृष्टीने पाहिले तर पाणी हवेहून फारसे दरिद्री नाही. फरक आहे तो चालीत. वायूचे रेणू दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरत जातात, या क्रियेला विसरण म्हणतात, आणि कार्बन डायऑक्साइडचे विसरण पाण्यात हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. पानाने आपल्या अंगालगतचा वायू शोषून घेतला की हवेत ती उणीव तत्काळ भरून निघते. पाण्यात ती तशीच राहते आणि भरल्या ताटाशी बसूनही हात तोंडापर्यंत न पोहोचणाऱ्या माणसासारखी पानाची अवस्था होते.

याच्या जोडीला सीमास्तराची अडचण येते. पाणी कितीही वेगाने वाहत असले तरी पानाच्या अगदी लगतचे पाणी घर्षणामुळे जवळजवळ निश्चल असते. या निश्चल पापुद्र्याला सीमास्तर म्हणतात, आणि तो ओलांडण्यासाठी वायूपुढे विसरणाखेरीज दुसरा मार्ग नसतो. संथ पाण्यात हा स्तर अर्ध्या मिलिमीटरच्या घरात असू शकतो, आणि तेवढे अंतर केवळ विसरणाने तोडायला कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला सरासरी एक मिनिट लागते, असे हिशेबाने निघते. प्रवाह वाढला की सीमास्तर पातळ होतो, आणि तो निम्मा झाला की, बाकी सर्व परिस्थिती तीच असताना, पानाला मिळणारा पुरवठा दुप्पट होतो. खते आणि कार्बन डायऑक्साइड यांची मात्रा वाढवूनही पुरवठा वाढतो हे खरे. सिलिंडरमधून हा वायू देणारे हौशी पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात ते याचसाठी. परंतु त्याच वायूने त्याच टाकीतले मासे गुदमरू शकतात, आणि प्रवाहाने हे संकट ओढवत नाही. म्हणून वायूची मात्रा वाढवण्याआधी प्रवाह तपासावा, हा क्रम या ग्रंथात आग्रहाने पाळला आहे.

सर्व वनस्पतींना हलत्या पाण्याची ओढ सारखी नसते. वॅलिस्नेरिया आणि हायड्रिला यांना पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही, म्हणजे विरघळलेल्या क्षाररूप कार्बनमधूनही, आपली गरज भागवता येते, आणि तळ्यातल्या संथ, क्षारयुक्त पाण्यात हायड्रिला माजते यामागे हेही एक कारण आहे. पाण्यात वाढणाऱ्या मॉस गटातील वनस्पतींना ही सोय नाही. त्यांना केवळ विरघळलेला कार्बन डायऑक्साइड चालतो, त्यामुळे त्यांचा प्रपंच सहसा झऱ्यांच्या आणि ओहोळांच्या काठी असतो. प्रवाहाचा लाभही अमर्याद नसतो, कारण सेकंदाला काही सेंटिमीटर एवढ्या वेगापर्यंत प्रकाशसंश्लेषण वाढते, त्यापुढे वाढ थांबते आणि पानांवर ताण येऊ लागतो.

सेकंदाला काही सेंटिमीटर हा वेग फार नाही, तरीही तो टाकीत सहजी मिळत नाही, आणि हे दाखवण्यासाठी एक साधे गणित पुरेसे आहे. तीन फुटी टाकीची लांबी ९० आणि रुंदी व उंची प्रत्येकी ४५ सेंटिमीटर धरली, तर माती आणि दगडांची जागा वजा जाता तिच्यात सुमारे १५० लिटर पाणी राहते. बाजारात फिल्टर निवडताना ताशी उलाढाल, म्हणजे टाकीतले सगळे पाणी तासाभरात किती वेळा फिल्टरमधून जाते, हा आकडा विचारला जातो, आणि वनस्पती-टाकीसाठी चार ते सहापट उलाढाल पुरेशी मानतात. सहापट धरली तर तासाला ९०० लिटर, म्हणजे सेकंदाला पाव लिटर पाणी झाले. हे पाणी टाकीच्या संपूर्ण छेदातून सारखे पसरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकले, तर त्याचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वा मिलिमीटर भरतो. तेच पाव लिटर पाणी १६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतून बाहेर पडताना सेकंदाला सव्वा मीटर वेगाने येते आणि आपल्यासोबत आजूबाजूचे कितीतरी पाणी ओढत नेते. टाकीतला प्रत्यक्ष प्रवाह या ओढीतून जन्मतो. उलाढालीचा आकडा तोच ठेवून नळीचे तोंड बदलले, त्याची दिशा पालटली किंवा ते पृष्ठभागाच्या जवळ आणले, तर टाकीतले अभिसरण पूर्णपणे वेगळे होते. म्हणून केवळ उलाढालीवर फिल्टर विकणे आणि विकत घेणे ही अपुरी रीत आहे. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो, आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरल्यावर आणि पाणी टाकीच्या उंचीपर्यंत चढवावे लागल्यावर तो बराच खाली येतो, ही गोष्ट दुकानदारही सांगतात, पण खरेदीच्या भरात ती ऐकली जात नाही.

पाणी बाहेर टाकणारे तोंड आणि आत ओढणारे तोंड टाकीच्या एकाच बाजूला ठेवावे, म्हणजे प्रवाह समोरच्या काचेवर आदळून, खाली वळून, तळालगत परत येतो आणि टाकीत एकच मोठे आवर्तन तयार होते, असा अनुभवसिद्ध संकेत आहे. भोके पाडलेली आडवी नळी, म्हणजे स्प्रे बार, हा प्रवाह रुंद आणि सौम्य करते. फुलाच्या आकाराची काचेची नळी, जिला लिली पाइप म्हणतात, ती त्याला गोलाकार फिरवते. आवर्तन खरोखर जुळले आहे का, हे पाहायला यंत्र लागत नाही. माशांचे चिमूटभर खाद्य बोटांत चुरून नळीच्या तोंडाशी सोडले आणि दिव्याच्या उजेडात त्या कणांचा माग काढला, तर ते कोठे धावतात, कोणत्या झुडपामागे घुटमळतात आणि कोठे खाली बसतात, हे मिनिटभरात दिसते. जेथे कण बसतात तेथेच काही आठवड्यांनी शेवाळ दिसू लागते. झाडे वाढून दाट झाली की त्यांच्या गर्दीत प्रवाह मरतो, त्यामुळे छाटणी हे अभिसरणाचेच एक अंग समजावे लागते.

आता गाळणीकडे वळता येईल. स्पंजने गाळ अडवणे ही यांत्रिक गाळण, सक्रिय कोळशाने रंग आणि औषधांचे अंश धरून ठेवणे ही रासायनिक गाळण. या दोहोंविषयी पुढे यथास्थान लिहिले आहे आणि त्यांत वादाला फारशी जागा नाही. तिसरी, जैविक गाळण, हीच खरी गुंतागुंतीची. लंडनमधील चेल्सी वॉटरवर्क्स या पाणीपुरवठा कंपनीसाठी जेम्स सिम्पसन यांनी १८२९ मध्ये वाळूची मोठी गाळणी बांधली तेव्हा वाळू केवळ घाण अडवते असा समज होता; वाळूच्या वरच्या बुळबुळीत थरात राहणारे जीव पाणी शुद्ध करण्याच्या कामातले मोठे भागीदार आहेत, हे समजायला कित्येक दशके जावी लागली. त्या वाटेवरचा सर्वांत सुंदर प्रयोग फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये मांडला. वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून ते सांडपाणी अगदी हळूहळू जाऊ देत होते. सुमारे वीस दिवस पाण्यातला अमोनिया जसाच्या तसा खाली उतरत राहिला, नंतर त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे रूपांतर थांबले, आणि क्लोरोफॉर्म निघून गेल्यावर बागेतल्या मातीचे थोडेसे पाणी ओतताच ते पुन्हा सुरू झाले. केवळ रसायनांची क्रिया असती तर तिला सुरू व्हायला वीस दिवस लागले नसते आणि ती क्लोरोफॉर्मने अशी थांबलीही नसती; ते काम सजीवांचे होते. नवी टाकी भरल्यावर मासे सोडण्यापूर्वी काही आठवडे थांबण्याची जी शिस्त हौशी पाळतात, तिचे शास्त्र त्या नळीत आहे.

सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० मध्ये हे जिवाणू वेगळे करून दाखवले आणि अमोनियाचे नायट्राइट करणारा एक गट, नायट्राइटचे नायट्रेट करणारा दुसरा गट, असे नायट्रीकरणाचे दोन टप्प्यांचे चित्र रूढ झाले. मत्स्यालयावरच्या पुस्तकांनी त्यात नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावे घालून ते शतकभर जसेच्या तसे पुढे नेले. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोबॅक्टरऐवजी नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात असे दाखवले. २००५ मध्ये अमोनियावर जगणारा पहिला आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्या प्राचीन कुळातला सूक्ष्मजीव, सिअॅटलच्या मत्स्यालयातील टाकीतून वेगळा काढण्यात आला, आणि २०११ मध्ये गोड्या पाण्याच्या घरगुती फिल्टरांतही असे आर्किया बहुसंख्येने आढळले. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या जैविक गाळणीत. इतक्या साध्यासुध्या डब्यातून सूक्ष्मजीवशास्त्राला एवढे मिळाले, याचे अप्रूप प्रत्येक हौशी माणसाला वाटायला हवे.

वनस्पती-टाकीत मात्र या सूक्ष्मजीवांना एक प्रतिस्पर्धी भेटतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. विषारी असते ते मुक्त अमोनियाचे रूप, आणि ज्याला शेतीच्या भाषेत सामू म्हणतात तो पीएच ७ असताना २५ अंशांना त्याचे प्रमाण एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर सामू ८ असताना पाच टक्क्यांच्या आसपास असते. उरलेले सगळे अमोनियमच्या रूपात असते आणि ते बहुतेक पाणवनस्पतींचे आवडते नत्रखाद्य आहे, कारण नायट्रेट घेतले तर त्याचे पुन्हा अमोनियम करण्यात वनस्पतीला ऊर्जा खर्ची घालावी लागते. डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यावरून असा निष्कर्ष काढला की निरोगी आणि दाट झाडीच्या टाकीत जैविक गाळणीची गरज फार थोडी असते, कारण फिल्टर वनस्पतींच्याच तोंडचा घास पळवतो. दुसऱ्या टोकाला जपानमधील निइगाता येथील ताकाशी अमानो होते. १९५४ मध्ये जन्मलेले आणि २०१५ मध्ये निवर्तलेले अमानो यांनी निसर्गदृश्यांसारख्या टाक्या रचल्या, १९८२ मध्ये स्वतःची संस्था काढली आणि अखेरच्या वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीची वनस्पती-टाकी उभी केली. त्यांच्या पद्धतीत मोठा कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवलेला बंद डबा, आणि पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांना अढळ स्थान होते. प्रस्तुत ग्रंथात वॉल्स्टॅड यांचे रसायन आणि अमानो यांचा प्रवाह असा मेळ स्वीकारला आहे. झाडी भरात आल्यावर फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांसारख्या महागड्या जैविक माध्यमाचे फारसे काम उरत नाही. पण झाडे नुकतीच लावलेली असताना, छाटणीनंतर आणि एखादा मासा नजरेआड मेल्यावर तीच गाळणी टाकी सावरते, आणि पाणी फिरवण्याचे काम तर तिला अहोरात्र करावेच लागते.

त्यामुळे फिल्टर साफ करण्याचा हेतूही बदलतो. काही महिने न उघडलेल्या कॅनिस्टरचे झाकण काढले, तर पहिल्याच स्पंजवर तपकिरी, मऊ, बोटाला गुळगुळीत लागणारा चिखल दिसतो. त्यात पानांच्या शिरांचे जाळीदार अवशेष, लहान गोगलगायींची रिकामी कवचे आणि धाग्यासारखे किडे असतात. हा चिखल काही प्रमाणात असावाच, पण स्पंजची भोके बुजली की प्रवाह मंदावतो आणि टाकीच्या दूरच्या टोकाला झाडे प्रथम त्याची खबर देतात. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा, नळाखाली धरू नये. नगरपालिकेच्या पाण्यातला क्लोरीन तेथील सूक्ष्मजीवांची वस्ती उजाड करतो.

महाराष्ट्रात या सगळ्याला उन्हाळ्याची आणि भारनियमनाची जोड मिळते. २५ अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना सुमारे ७.६, त्याच वेळी मासे, मुळे आणि जिवाणू या सर्वांची श्वसनाची गती वाढलेली असते, आणि एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करताना जिवाणू साडेचार मिलिग्रॅमहून अधिक ऑक्सिजन खातात. रात्री दिवा मालवला की वनस्पतीही ऑक्सिजन देणाऱ्यांतून घेणाऱ्यांत जमा होतात. म्हणून रात्रीच्या वेळी नळीचे तोंड पृष्ठभाग ढवळेल इतके वर उचलावे. दिवसा तसे केले तर सिलिंडरमधून दिलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रात्री त्याची कोणाला गरज नसते. वीज गेल्यावर बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि जिवाणू गुदमरतात; वीज बराच काळ नसेल तर फिल्टर पुन्हा सुरू करण्यापूर्वी डब्यातले कोंडलेले, सडक्या अंड्यासारखा वास येणारे पाणी बादलीत ओतून टाकणे हिताचे, कारण ते तसेच टाकीत गेले तर मासे मरतात. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर आणि बॅटरीवरचा पंप एवढी जोडी अशा वेळी मोलाची ठरते.

सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या वनस्पती या विषयाच्या जिवंत कसोट्या आहेत. क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस ही अळूच्या कुळातली अरुंद पानांची वनस्पती नद्या-ओढ्यांच्या खडकाळ पात्रात मुळे रोवून राहते, पावसाळ्यात लोंढ्याखाली पूर्ण बुडते आणि पाणी उतरल्यावर फुलते. तिची लांब, नागमोडी पाने पाण्याच्या ओढीला विरोध न करता तिच्याबरोबर लवतात, आणि सीमास्तर पातळ ठेवण्याचे काम ओढाच करतो. साताऱ्याच्या पठारांवरचा वायतुरा, म्हणजे अॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, याउलट साचलेल्या उथळ पाण्यात उगवतो आणि पावसाळा सरताच कंदाच्या रूपाने मातीत दडतो. वायतुऱ्यासारख्या प्रदेशनिष्ठ आणि दुर्मीळ जाती उपटून टाकीत आणणे सर्वथा गैर आहे. त्या जागेवरच पाहाव्यात आणि त्यांच्या भोवतालचे पाणी कसे वागते हे टिपावे. एखादा बुडालेला पालापाचोळ्याचा तुकडा ठरावीक अंतर किती वेळात कापतो हे घड्याळावर मोजले की ओढ्यातल्या त्या जागेचा वेग मिळतो. पहिल्या प्रकरणाची सुरुवात अशा मोजणीपासून केली आहे, आणि फिल्टरांचे प्रकार त्यानंतर येतात.